हात बसेपर्यंत

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी मासिकांमधून जिलेट कंपनीच्या रेझरच्या जाहिराती येऊ लागल्या. त्यांत दोन आश्वासने ठळक अक्षरांत असत. पट्ट्यावर घासायला नको आणि दगडावर धार लावायला नको. त्या काळच्या गिऱ्हाइकाला यातले सुख समजावून सांगायची गरज नव्हती. रोज सकाळी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा, काही आठवड्यांनी निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर, त्याची धार पुन्हा काढायची, ते जमत नसेल तर धारवाल्याकडे टाकायचा, आणि एवढे करूनही हात जरासा ढळला तर गालावर रक्त. या साऱ्या कटकटीतून सुटका होणार म्हटल्यावर पाच डॉलर ही तेव्हाच्या मानाने भारी किंमत लोकांनी आनंदाने मोजली.

आज काही लोक नेमक्या याच दोन कामांसाठी पैसे मोजतात. कोपऱ्यावरच्या दुकानात पाच पात्यांचे कार्ट्रिज मिळत असताना ते जर्मनीतून वस्तरा मागवतात, चामड्याचा लांब पट्टा न्हाणीघराच्या भिंतीला टांगतात, बेल्जियमच्या खाणीतल्या दगडाचा तुकडा फडक्यात गुंडाळून जपतात. त्यांना विचारले तर कारणे अनेक सांगतात. दाढी जास्त गुळगुळीत होते, कातडीची आग होत नाही, पैसे वाचतात, प्लास्टिकचा कचरा होत नाही, आजोबांचा वस्तरा कपाटात पडून होता. यातली काही कारणे खरी आहेत, काही अर्धी खरी. माझे मत असे की माणूस वस्तऱ्याकडे वळतो तो यांपैकी कोणत्याही कारणाने, पण टिकतो तो त्या पट्ट्यामुळे आणि त्या दगडामुळे. जिलेटने जे ओझे म्हणून उतरवले, तेच त्याला हवे असते.

वस्तरा दिसायला साधा. पोलादाचे एक पाते, ते मिटून आत जावे अशी दोन फाकांची मूठ, आणि दोघांना जोडणारी खीळ. पाते आडवे कापून पाहिले तर मात्र घडवणाऱ्याची अक्कल कळते. पाठ जाड, धार अतिशय पातळ, आणि मधला भाग दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेला. असा वस्तरा दगडावर सपाट ठेवला की तो पाठ आणि धार या दोनच ठिकाणी टेकतो. स्वयंपाकघरातल्या सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो, आणि तिथेच बहुतेकांची धार फसते. वस्तऱ्याचा कोन पाठीच्या जाडीने आणि पात्याच्या रुंदीने आधीच ठरवून ठेवलेला असतो. बहुतेक वस्तऱ्यांत तो 16-17 अंशांच्या आसपास येतो. पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. पाच अष्टमांश, म्हणजे सुमारे 16 मिलिमीटर रुंदीचे पाते नवशिक्याला सोयीचे पडते.

असे पाते घडवायचे तर पोलाद चांगले लागते, आणि पोलादाच्या इतिहासातल्या काही मोठ्या माणसांची गाठ वस्तऱ्याशी पडली ती यामुळेच. इंग्लंडमधल्या शेफिल्डला 1740 च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळ बनवणाऱ्याने मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली. त्याला हवा होता घड्याळाच्या कमानीसाठी एकजिनसी धातू. तोच धातू वस्तऱ्यालाही मानवला आणि शेफिल्डच्या वस्तऱ्यांचे नाव जगभर झाले. पुढे लंडनमध्ये शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणारा जेम्स स्टोडार्ट आणि तेव्हा तरुण असलेला मायकेल फॅरडे या दोघांनी पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग केले. वीज आणि चुंबकत्वासाठी आपण ज्याला ओळखतो तोच हा फॅरडे. प्रयोगांची सुरुवात झाली ती दक्षिण भारतातून तिकडे जाणाऱ्या वुट्झ पोलादाच्या अभ्यासापासून. हे पोलाद इतके चांगले का, हे त्यांना शोधायचे होते. 1819 ते 1822 या काळात त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. पोलादाच्या पाचशे भागांत चांदीचा एक भाग मिसळून त्यांनी जे मिश्रण केले, त्यापासून शेफिल्डमध्ये वस्तरे तयार झाले. रसायनशास्त्रातला एवढा मोठा माणूस वस्तऱ्याच्या धारेत गुंतला होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आघाडी जर्मनीतल्या झोलिंगेनकडे गेली. तिथल्या घासकाम करणाऱ्यांनी पाते इतके खोलगट केले की धारेजवळचा भाग नखाने दाबला तरी किंचित लवतो. झोलिंगेन हे नाव 1938 पासून कायद्याने राखीव आहे. त्या परिसरात न बनलेल्या पात्यावर ते कोरता येत नाही. फ्रान्समधल्या तिएर गावातही वस्तरे अजून बनतात. कारखाने थोडे उरले आहेत, कारण मधल्या काळात जिलेट आला.

किंग कॅम्प जिलेट हा बाटल्यांची बुचे बनवणाऱ्या कंपनीचा फिरता विक्रेता होता. त्याच बुचांचा शोध लावणाऱ्या विल्यम पेंटरने त्याला सल्ला दिला होता की लोक एकदा वापरून फेकतील आणि पुन्हा विकत घ्यायला येतील, असे काहीतरी काढ. 1895 साली एका सकाळी जिलेटचा वस्तरा इतका बोथट निघाला की पट्ट्यावर घासून भागेना, धारवाल्याकडेच न्यावा लागणार होता. तेव्हा त्याच्या मनात आले की धार फक्त कडेला लागते, मग एवढे जाड पोलाद हवेच कशाला? पातळ पत्र्याला धार लावावी आणि ती गेली की पत्रा टाकून द्यावा. पत्र्याला अशी धार लागणार नाही असे जाणकार सांगत राहिले. विल्यम निकर्सन या इंजिनिअरने ते यंत्राने करून दाखवले तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. 1903 या विक्रीच्या पहिल्या वर्षात 51 रेझर आणि 168 ब्लेड खपली. पुढच्याच वर्षी रेझरची विक्री नव्वद हजारांच्या आसपास गेली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी सुमारे 35 लाख रेझर आणि तीन कोटींहून अधिक ब्लेड घेतली, आणि घरी परतलेला जवान वस्तऱ्याकडे पुन्हा वळला नाही.

मला जिलेटबद्दल आदरच आहे. लाखो लोकांचे रोजचे काम त्याने सोपे आणि निर्धोक केले. पण त्याबरोबर एक मोठा बदल घडला. धार ही माणसाच्या हातची गोष्ट होती, ती कारखान्याची झाली. ब्लेड बोथट झाले की करण्यासारखे उरले ते एकच, नवीन आणणे. 1971 साली त्याच कंपनीने दोन पात्यांचे कार्ट्रिज आणले, 1998 साली तीन, 2006 साली पाच. दर वेळी कौशल्य आणखी थोडे यंत्राकडे सरकले. कोन कार्ट्रिजच्या बिजागरीने धरायचा आणि कातडी रबराच्या पट्टीने ताणायची, माणसाने फक्त हात खालीवर न्यायचा.

अनेक पात्यांचे तंत्र समजून घेण्यासारखे आहे, कारण वस्तऱ्याकडे वळणाऱ्यांच्या कारणांपैकी सर्वांत दमदार कारण तिथे सापडते. पहिले पाते केस पकडून जरा बाहेर ओढते, आणि तो परत आत जायच्या आधी मागचे पाते त्याला आणखी खालून कापते. मग उरलेला केस कातडीच्या पातळीखाली जातो. सरळ केसांना त्याने काही होत नाही. कुरळा केस मात्र वाढताना वळतो आणि कातडीतच शिरतो. तिथे पुळी येते, लाली येते, डाग राहतो. आफ्रिकी वंशाच्या अनेक पुरुषांना हा त्रास फार होतो, आणि आपल्याकडेही मानेवरचे केस ज्यांचे वळणदार आहेत त्यांना तो ओळखीचा आहे. वस्तऱ्याचे एकच पाते केस कातडीच्या बरोबरीने कापते, म्हणून काहींना आराम पडतो. सर्वांना पडेलच असे नाही. उलट्या दिशेने आणि दाबून वस्तरा फिरवला तर आग त्यानेही होते.

पैशांचे कारण फारसे टिकत नाही. चांगला वस्तरा, पट्टा आणि दगड यांत जो खर्च होतो त्यात साधी ब्लेड कित्येक वर्षे आली असती, आणि एका वस्तऱ्यावर थांबणारा माणूस विरळा. कचऱ्याचे कारण खरे आहे. 2012 च्या 'स्कायफॉल' चित्रपटात जेम्स बाँडची दाढी वस्तऱ्याने करण्याचा प्रसंग आहे, तो पाहूनही पुष्कळांनी वस्तरे घेतले. त्यांतले किती टिकले असतील याबद्दल मला शंका आहे, कारण चित्रपटात पट्टा आणि दगड दिसत नाहीत.

आता त्या पट्ट्याकडे येऊ. पट्ट्याचे एक टोक भिंतीच्या कडीला अडकवायचे आणि दुसरे डाव्या हाताने ताणून धरायचे. तो जरा जरी सैल राहिला तर धार गोल होते. वस्तरा पट्ट्यावर अगदी सपाट ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेली, आणि पाठ पुढे, धार मागे अशा बेताने ओढायचा. टोकाला पोचल्यावर पाठ पट्ट्यावरून न उचलता वस्तरा पाठीवर फिरवून उलटायचा आणि परत आणायचा. नवशिका नेमका इथे चुकतो. घाईत धारेच्या बाजूने उलटवतो आणि नव्या पट्ट्यात खाच पडते. वजन हाताचे द्यायचे नाही, पात्याचे स्वतःचे वजन पुरते. आधी काही हात जाड कापडी पट्ट्यावर, मग तीस-चाळीस चामड्यावर. हात बसला की आवाज एकसारखा येतो, जाताना आणि येताना तोच. एका बाजूचा आवाज वेगळा आला तर त्या बाजूला पाते नीट टेकत नाही असे समजावे.

हे सगळे कशासाठी, याचे उत्तर विज्ञानाने अलीकडे जास्त नेमके दिले आहे. पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नास पट कठीण असते, तरी केस कापून पाते बोथट होते. 2020 साली अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेतल्या जानलुका रॉशोली, जेम ताशान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात याचा उलगडा केला. त्यांनी बाजारातल्या ब्लेडने दाढी करून, दर वेळी त्याची धार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. धार घासून गोल झालेली दिसायला हवी होती, पण ती जागोजाग टवकलेली दिसली. कापला जाताना केस वाकला, पात्याला तिरका भिडला, आणि नेमक्या त्याच जागी पोलादाची ठेवण असमान असली, की तिथला बारीक कण उडतो. कठीणपणा एवढाच पुरत नाही, पोलाद आतून एकसारखे असावे लागते. हंट्समनने घड्याळाच्या कमानीसाठी जे शोधले तेच इथेही कामाला आले. यातून वस्तरा वापरणाऱ्यालाही धडा मिळतो. केस जितका मऊ, तितका तो पात्याला कमी छळतो. म्हणून दोन-तीन मिनिटे कोमट पाणी, मग ब्रशने घोळून चढवलेला फेस. केसातल्या केराटिनचे काही बंध पाण्याने सुटतात, केस फुगतो आणि सहज कापला जातो. चामड्याचा पट्टा धारेची वाकलेली अणी सरळ करतो आणि तिला चिकटलेले काढून टाकतो. पण उडालेला कण परत येत नाही. टवके वाढले की दगड हवाच.

दगडाचे काम हे या साऱ्यातले सर्वांत मोठे शिक्षण. 1000 क्रमांकाच्या दगडावर धारेच्या दोन्ही बाजू एकमेकींना भिडवायच्या, मग 4000, 8000, 12000 असे बारीक होत जायचे. आधीच्या दगडाने पाडलेल्या रेघा पुढचा दगड पुसतो. बेल्जियमच्या आर्देन भागात पिवळसर दगड निघतो, कोटिक्यूल नावाचा. त्यात गार्नेटचे अतिसूक्ष्म स्फटिक दाटीने असतात आणि एकाच दगडावर पाण्याचे प्रमाण बदलून जवळपास सगळी कामे होतात. जपानमध्ये क्योटोजवळच्या डोंगरांतले दगड असेच नावाजलेले. दगडावर पाते पुढे नेताना त्याच्यापुढे पाण्याची बारीक लाट उठते. ती लाट धारेवर चढून सगळीकडे सारखी पसरली तर धार पूर्ण टेकली आहे. जिथे पाणी धारेखालून निघून जाते तिथे अजून काम बाकी आहे. हे कोणी शब्दांत कितीही सांगितले तरी डोळ्याला कळायला वेळ लागतो, आणि कळले की पुन्हा विसरत नाही.

दाढी करणे त्या मानाने लवकर जमते. सुरुवात कानाजवळच्या सपाट गालापासून करावी आणि बाकीची दाढी नेहमीच्या रेझरने. मोकळ्या हाताने कातडी वर ताणायची, पाते गालाशी तीसेक अंशांत धरायचे आणि आखूड हात घ्यायचे. वस्तरा केसांच्या दिशेने सुलटा चालला तर कापतो. आडवा घसरला तर एका क्षणात कातडी चिरते. हनुवटी आणि ओठावरची जागा सर्वांत शेवटी. खोलगट पात्यातून केस तुटल्याचा बारीक खरखर आवाज येतो, आणि कोन चुकला की तो बदलतो, म्हणजे चूक डोळ्याआधी कानाला कळते. डाव्या गालाला डावा हात शिकवावा लागतो. शंभरेक दाढ्या झाल्या की हात बसतो असे जाणकार मानतात. तोवर मन दुसरीकडे नेता येत नाही. ऑफिस, फोन, घरचा हप्ता, काहीही डोक्यात आले तर गाल लगेच सांगतो. दिवसातली दहा-पंधरा मिनिटे अशी सक्तीची एकाग्रता मिळते, आणि पुष्कळांना तीच हवी असते, असे त्यांच्या बोलण्यातून मला जाणवले आहे.

युरोपात ही विद्या घरगुती होती. पॅरिसमधल्या जाँ-जाक पेरे या चाकू-सुऱ्या बनवणाऱ्याने अठराव्या शतकातच स्वतःची दाढी स्वतः करायला शिकवणारे पुस्तक लिहिले होते. म्हणून तिथे आजोबांच्या कपाटात वस्तरा सापडतो. महाराष्ट्रात बहुतेकांच्या आजोबांच्या कपाटात तो सापडणार नाही. तो न्हाव्याच्या धोकटीत असे, आरसा, वाटी, कात्री, नराणी आणि तुरटीच्या खड्याशेजारी. बलुतेदारीत दाढी करणे हा त्याचा हक्क आणि त्याचे काम. ती विद्या एका समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हातात वागवली, आणि तिला मान मात्र मिळाला नाही. संत सेना न्हावी यांनी आपल्या अभंगात धंद्याचीच हत्यारे परमार्थासाठी घेतली, यावरून त्या कामाकडे ते स्वतः किती आदराने पाहत होते हे समजते. आणि 1890 साली मुंबईत कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी समाजातल्या लोकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायला नकार दिला. ज्याच्या हातात ते कौशल्य होते, त्याच्याच हातात तो नकार होता. वस्तऱ्याच्या इतिहासातले याहून मोठे पान मला माहीत नाही.

आपल्या सलूनमधल्या वस्तऱ्याचे पुढे काय झाले हेही पाहायला हवे. 1986 साली भारतात एचआयव्हीचा पहिल्यांदा सुगावा लागला, आणि नंतरच्या वर्षांत एकाच वस्तऱ्याने अनेकांची दाढी करणे धोक्याचे आहे हे लोकांना पटले. कारागिरांनी पाते बदलता येणारा वस्तरा घेतला. ब्लेड कागदातच मधोमध मोडायचे, अर्धे बसवायचे, गिऱ्हाईक उठले की काढून टाकायचे. हे योग्यच झाले. हात तोच राहिला, ताणलेली कातडी आणि तीस अंशांचा कोन तोच राहिला. फक्त पट्टा आणि निसणा सुटला. ज्यांनी निसण्यावर वस्तरा पाजवला ते कारागीर आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

तुम्हाला वस्तरा घ्यावासा वाटत असेल तर थोडे सांगतो. स्वस्तातला चकचकीत वस्तरा घेऊ नका. त्याचे पोलाद धार धरत नाही आणि शिकणाऱ्याला वाटते की आपलाच हात वाईट. नवा चांगला वस्तराही पुष्कळदा दाढीसाठी तयार नसतो, आधी दगडावरून काढून घ्यावा लागतो. वापरल्यावर पुसून कोरडा ठेवा, पावसाळ्यात तेलाचा थेंब लावा, नाहीतर एका रात्रीत गंज धरतो. दुसऱ्याला वापरायला देऊ नका. हातातून सुटला तर झेलायला जाऊ नका, पडू द्या. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर या वाटेला जाऊ नका. आणि दगडाचे काम चित्रफिती पाहून शिकण्याआधी आपल्या गावातल्या, पेठेतल्या जुन्या सलूनमध्ये चौकशी करा. तिथे निसणा वापरलेले कोणी काका असतील तर त्यांच्यापाशी बसा, वस्तरा त्यांच्या हातात द्या, ते पात्यावर किती कमी जोर देतात ते पाहा. त्यांच्याकडून शिका, आणि शिकवण्याचे पैसे त्यांना आवर्जून द्या.